पंचमीचा नाडा

आषाढ अर्धा सरला होता. चार दिवसांची झिमझिम थांबून पाचव्या दिवशी उघडीप पडली, तेव्हा सिद्रामप्पा खांद्यावर घोंगडं टाकून बसप्पाच्या दारात आला. बसप्पा बैलाचा पाय मांडीवर घेऊन खुरातला चिखल काडीनं उकरत होता.

"बसप्पा, अंबाडीचा वाख हाय का घरात?"

"हाय की. माळ्यावर पडलाय दोन सालांचा. दावी पायजेत का?"

"दावी न्हाय. नाडा पायजे. पंचमीचा."

बसप्पानं बैलाचा पाय खाली सोडला. काडी हातातच राहिली.

माळचिंचोलीच्या लिंबाला दोन वर्षं झोका नव्हता. परवाच्या साली गावात गाठीचा ताप आला. उंदीर पडायला लागले तशी माणसं दारं लावून रानात खोपी करून राहिली. लिंबाखाली तेव्हा कुत्रंसुद्धा नव्हतं. गेल्या साली लेकी माहेरी आल्या, दिंडं खाऊन परत गेल्या. झोक्याचं नाव कुणी काढलं नाही. गावात चौदा घरांतली माणसं गेली होती. बसप्पाच्या घरातला शांतलिंग त्यातलाच, पंधराव्या वर्षात होता.

बारीकसारीक दोर गावात कुणीही वळी. पण साऱ्या गावच्या लेकीसुना ज्यावर चढायच्या तो पंचमीच्या झोक्याचा जाड नाडा मात्र याच घरचा. बसप्पाच्या आज्यापासून चालत आलेलं ते.

"बघू," बसप्पा म्हणाला.

"बघू काय बघू? अठरा दिवस ऱ्हायलेत."

"काका, अजून एक साल जाऊ द्या की."

सिद्रामप्पा ओट्याच्या कडेवर टेकला. "माझी सून बी त्याच तापात गेली. तिच्या दोन पोरी मलाच इचारायल्यात, आज्जा, झोका कसा असतो? धाकटीनं बघितलाच न्हाय. हातवारे करून दाखवलं तर हसायला लागली. आता या वयात म्या फळीवर उभा राहून दावू का तिला?"

आतून नागम्मा, बसप्पाची आई, मोठ्यानं म्हणाली, "दाव की. गावाला तमाशा हुईल."

सिद्रामप्पा हसला आणि उठला. जाताना बसप्पाकडं न बघता म्हणाला, "लिंबाची फांदी म्या बघून आलोय. साबूत हाय."

बसप्पाला हो म्हणायचं होतं की नाही, ते त्यालाच समजलं नव्हतं. त्यानं बैलाचा दुसरा पाय उचलला. त्यात चिखल नव्हताच.

*

वाख माळ्यावरून काढला तो बसप्पानं नव्हे. दुसऱ्या दिवशी तो रानातून आला तर ओसरीत वाखाच्या पेंढ्या उतरून ठेवलेल्या, आणि त्याची लेक महादेवी धूळ झाडत शिंकत होती.

"शिडीवर कोण चढलं?"

"म्याच."

"तुला सांगितलं व्हतं ना शिडीवर चढायचं न्हाय म्हणून?"

"अप्पा, सात पायऱ्यांची शिडी हाय. म्या बारा वर्साची हाय."

बसप्पा बायकोकडं बघत राहिला. गिरिजा चुलीपुढं भाकरी थापत होती. तिनं मान वर केली नाही. शांतलिंग गेल्यापासून ती कामापुरतीच बोलायची. पण पोरीनं माळ्यावर चढावं म्हणून शिडी तिनंच धरली असणार, कारण तिच्या पदरावरही वाखाची धूळ होती.

दोन वर्षांत बसप्पानं पोरीला काय काय करू दिलं नव्हतं त्याची यादी तिला पाठ होती. ओढ्याला एकटं जायचं नाही. विहिरीच्या काठावर बसायचं नाही. चिंचेवर चढायचं नाही. गाडी चालती असताना उतरायचं नाही. गावातल्या पोरी तिला 'शिंक्यातलं लोणी' म्हणायच्या. मांजराच्या भीतीनं वर टांगून ठेवलेलं. पाणवठ्यावर एकीनं तिला विचारलंही होतं, "लोण्या, आज खाली कसं उतरलंस?" त्यावर महादेवीनं तिची घागर उपडी केली होती आणि घरी येऊन कुणाला काही सांगितलं नव्हतं. सांगितलं ते धुरपदाबाई शेजारणीनं, हसत हसत.

"नाडा वळू," बसप्पा म्हणाला. "पण एक सांगून ठेवतो. तू झोक्यावर चढायचं न्हाय."

महादेवीच्या हातातली पेंढी खाली पडली. "मग वळायचा कशाला?"

"गावासाठी."

"गावातल्या पोरी पडल्या तर चालंल का?"

बसप्पा पडलेली पेंढी उचलायला वाकला. नागम्मा खोकत खोकत हसली. "आता बोल की पैलवाना."

*

नाडा वळायचं काम सहा दिवस चाललं. आधी वाख पाणी शिंपून मऊ केला, काटेरी फळीवर विंचरला, आखूड धागे वेगळे काढले. मग बारीक सुतळ्या, सुतळ्यांचे तीन पेड. एकेक पेड एकवीस वाव. दोन्ही हात फाकले की एक वाव. पेड अंगणातल्या खांबापासून वाड्याच्या कुडापर्यंत ताणले. एका टोकाला तीन आकड्यांची फळी, एकेका आकड्याला एकेक पेड; ते आकडे बसप्पा फिरवणार. दुसऱ्या टोकाला एकच आकडा, तो गिरिजा फिरवणार. मधे तीन खाचांचा लाकडी ठोकळा. तो धरणाऱ्यानं हळूहळू मागं सरकायचं; त्याच्या पुढ्यात तिन्ही पेड एकमेकांत मिसळून नाडा होत जातो.

ठोकळा शांतलिंग धरायचा.

बसप्पा आकड्यांच्या फळीपाशी उभा राहिला आणि अंगणाच्या मध्याकडं बघत राहिला. गिरिजाही आपल्या टोकाला तशीच उभी. ठोकळा जमिनीवर पडलेला. मग महादेवीनं परकर कंबरेला खोचला, ठोकळा उचलला, पेड खाचांत बसवले आणि म्हणाली, "फिरवा."

ठोकळा तिच्या हातात पहिल्यांदा उलटायला बघत होता. पेडांचा जोर मनगटातून खांद्यात चढायचा. तिनं पाय फाकवले, कोपरं बरगड्यांना लावली. दुपारपर्यंत तिच्या तळव्यांना फोड आले, संध्याकाळी फुटले. तिनं तळवे राखेत दाबले आणि पुन्हा ठोकळा धरला.

बसप्पा फिरवत होता. डाव्या पायात ओढ होती. त्या तापाची गाठ त्याच्याही जांघेत फुटली होती, तिथली कातडी अजून आवळलेली. उभं राहिलं की पाय आतून कुणीतरी शिवल्यासारखा वाटे. पण हात थांबत नव्हते. अजून चार फेरे. अजून चार. सैल नाडा म्हणजे धोका, घट्ट नाडा म्हणजे भरवसा, एवढंच त्याच्या डोक्यात होतं. आपली पोर चढणार नाही हे त्यानं ठरवलं होतं. तरी प्रत्येक फेऱ्याला त्याच्या डोळ्यांपुढं फळीवर तीच उभी असायची.

"बास करा आता," गिरिजा पलीकडून म्हणाली. दोन दिवसांतलं तिचं ते पहिलं वाक्य. "नाडा कुरकुरायलाय."

"कुरकुरू दे. पीळ बसायलाय."

"मामंजी हात लावून बघायचे. एकवीस वावाचा पंधरा वाव झाला की थांबायचे."

"तुझ्या मामंजींच्या येळंला गाठीचा ताप न्हवता."

नाड्याचा आणि तापाचा काय संबंध, ते गिरिजानं विचारलं नाही. तिनं आकडा फिरवला. महादेवी ठोकळ्यामागं वाकून म्हणाली, "अप्पा, ह्यो माझ्या हातात फिरायलाय. सोडला की डावीकडं गरकन फिरतो, बघा." तिनं ठोकळा सोडून दाखवला. तो दोन गिरक्या घेऊन तिच्या नडगीवर आपटला.

"सोडू नगंस, मग फिरणार न्हाय," बसप्पा म्हणाला.

नाडा शेवटी साडेतेरा वाव भरला.

नवा नाडा ओढ्यात एक रात्र भिजवायचा, सकाळी बैलांच्या मागं बांधून वाळूतून ओढायचा, मग धोंडा बांधून झाडाला चार दिवस लटकवायचा, म्हणजे अंगातला जादा पीळ निघून जातो. ही त्या घरची रीत. बसप्पानं या खेपेला ते केलं नाही. भिजला तर कुजेल. वाळूनं धागे कापतील. धोंड्यानं उगाच ताण पडेल. त्यानं नाडा गुंडाळून घरात कोरड्या जागी ठेवला आणि त्याच्यावर आपली वाकळ टाकली.

"नाड्याला बी शिंक्यात ठेवलास व्हय?" नागम्मा म्हणाली.

*

पंचमीच्या आदल्या दिवशी बसप्पा रानात बैल जुंपून डवरणीला गेला. बांधाच्या कडेला, बाभळीखाली, शांतलिंगाला पुरल्या जागचा मातीचा उंचवटा होता. त्याच्याभोवती दोन हात रान तो सोडून द्यायचा. बैल सवयीनं तिथं आपोआप वळायचे. गिरिजा भाकरी घेऊन आली. दोघं बांधावर बसली.

"पोरगी जेवंना झालीय," ती म्हणाली.

"जेवंल."

"तिला चढू द्या."

बसप्पा भाकरीचा तुकडा हातात धरून राहिला. "तुला भ्या वाटत न्हाय?"

"वाटतं की. चूल पेटवताना बी वाटतं." ती उंचवट्याकडं न बघता बोलत होती. "त्यो इहिरीत मोटंच्या चाकावरनं उड्या मारायचा. चिंचेच्या शेंड्याला जायचा. दोनदा गाडीवरनं पडला. म्या वरडायची, तुमी मारायचे. तेला काय झालं? काय न्हाय. अन् अंथरुणावर पडल्या जागी गेला. तुमच्या शेजारी."

"तेच म्हणतो म्या."

"काय म्हणता?"

काय म्हणतो ते बसप्पाला सांगता येईना. आधी ताप त्याला आला होता. पोरगं खोपीत बसून त्याला पाणी पाजत होतं. बसप्पानंच त्याला सांगितलं होतं, बाहेर जाऊ नकोस, गावात ताप आहे, इथं माझ्याजवळ राहा. माणसानं कशापासून जपायचं? दिसतं त्यापासून की दिसत नाही त्यापासून? हे बोलायला त्यानं तोंड उघडलं, आणि म्हणाला, "कोरड्यास खारट झालंय."

गिरिजा उठली, फडकं झटकलं आणि गेली.

*

पंचमीला वारुळाची पूजा झाली. दुपारी सगळं गाव लिंबाखाली गोळा झालं. नव्या बांगड्या, ओटीतल्या लाह्या, ओल्या मातीचा वास. एकजण झाडावर चढून नाड्याची दोन्ही टोकं फांदीला बांधत होता.

"बसप्पा, आखूड हाय की रं तुझा नाडा!" तो वरून ओरडला. "फळी कंबरंला येतीया!"

"असू दे. घट्ट हाय."

फळी अडकवली. बायका मागं सरकल्या, मधली जागा मोकळी झाली. कुणीच पुढं येईना. सगळे बसप्पाकडं बघायला लागले, तेव्हा कुठं त्याला आठवलं.

ज्याचा नाडा, त्याच्या घरचं माणूस आधी. पहिला झोका त्याच घरचा. दुसऱ्याच्या लेकीला चढवायच्या आधी आपलं माणूस चढवून दाखवायचं. त्याची धाकटी बहीण चढायची, मग तिचं लग्न झाल्यावर शांतलिंग. अठरा दिवसांत त्यानं वाख भिजवला, पेड मोजले, पोरीला नाही म्हटलं, आणि ही गोष्ट त्याच्या मनात एकदाही आली नव्हती. की आली होती आणि त्यानंच मागं ढकलली होती, तेही त्याला सांगता आलं नसतं.

महादेवी आईच्या बाजूला उभी होती. नुसती बघत होती.

"म्या चढतो," बसप्पा म्हणाला.

धुरपदाबाईनं तोंडाला पदर लावला. "अगं बाई, बसप्पा लेक झाली माहेराला आलेली!"

"बांगड्या भरल्या का न्हाय?" मागून दुसरीनं विचारलं.

"हसू नगा," सिद्रामप्पा म्हणाला, पण त्याच्याही मिशा हलत होत्या. "रीत माणसाची हाय. बाईची असं कुठं म्हणलंय?"

दोघांनी त्याला कंबरेला धरून फळीवर चढवलं. धोतराचा सोगा सुटला, तो एकानं खोचून दिला. डावा पाय फळीवर नीट टेकेना. त्यानं नाडा दोन्ही मुठींत धरला. हातात आला तसा नाडा त्याला ओळखीचा वाटला, आणि लगेच परका वाटला. आतून तो थरथरत होता, बांधून घातलेल्या जनावरासारखा.

सिद्रामप्पानं हलकेच रेटा दिला. फळी पुढं गेली, मागं आली. पुन्हा पुढं. आणि मग ती वळायला लागली. नाड्याचे दोन पदर वरून एकमेकांकडं आले, त्यांची वेणी पडत खाली उतरू लागली. बसप्पाला आधी देऊळ दिसलं, मग बायका, मग ओढा, मग पुन्हा देऊळ. मुठी एकमेकींवर दाबल्या गेल्या. वेणी थांबली, उलटी सुटायला लागली, आणि सगळं गाव दुसऱ्या बाजूनं फिरू लागलं. डावा पाय घसरला. तो फळीवर पोटावर पडला आणि तसाच लोंबकळत राहिला, पाय हवेत, धोतर गुडघ्यावर.

पोरं टाळ्या पिटत होती. सिद्रामप्पाच्या धाकट्या नातीनं ओरडून विचारलं, "आज्जा, झोका असा असतो?"

त्याला उतरवलं. गरगरणं थांबेपर्यंत तो लिंबाच्या बुंध्याला धरून उभा राहिला. आता जे सांगायचं ते लोकांचं हसणं सोसण्यापेक्षा जड होतं.

"पीळ जादा झालाय," तो म्हणाला. "भिजवला न्हाय. वढला न्हाय. चूक माझी हाय. नाडा उतरवा."

हसणं थांबलं. पंचमीच्या दिवशी बसप्पाच्या घरचा नाडा उतरवायचा, हे कुणी ऐकलं नव्हतं. बायका एकमेकींकडं बघायला लागल्या. एक म्हातारी लाह्या पदरात बांधून घरी निघाली.

"तुटंल का?" गिरिजानं विचारलं. सगळ्यांसमोर, सरळ नवऱ्याला.

"तुटणार न्हाय. हत्ती बांधला तरी तुटणार न्हाय. फिरंल."

"एकट्या माणसाला फिरवंल," महादेवी म्हणाली. ती पुढं आली होती. फोडांच्या जागी नवी गुलाबी कातडी आलेले तळवे तिनं परकराला पुसले. "ठोकळा एका हातानं धरला की फिरायचा, अप्पा. दोन हातांनी, लांब लांब धरला की न्हाय फिरायचा. वर बांधलंय ते जवळ जवळ बांधलंय. एक टोक तिकडं सरकवा की, त्या मोडक्या फांदीच्या खुंटापाशी."

झाडावरचा माणूस बसप्पाकडं बघू लागला. बसप्पानं वर पाहिलं. पोरीचं म्हणणं बरोबर होतं. ते बरोबर असावं असं त्याला वाटत होतं की नसावं, हे मात्र ठरेना.

"सरकव," गिरिजा म्हणाली.

टोक अडीच हात सरकवलं. तेवढ्यात गिरिजानं पदर कंबरेला आवळला. दोन वर्षं ती या लिंबाखाली आली नव्हती. "दोघी चढतो," ती म्हणाली. "समोरासमोर. दोघींच्या वजनानं पीळ दबंल."

"गिरिजे..."

"फळी धरा तुमी. हालू देऊ नगा."

बसप्पानं फळी धरली. गिरिजा आधी चढली, मग तिनं हात देऊन पोरीला वर घेतलं. चार पावलं फळीवर एकमेकांशेजारी बसली. महादेवीची दोन बाहेर, आईची दोन आत. नाडा वर करकरला. फळीतून तो थरकाप बसप्पाच्या बोटांत येत होता, आता कमी. त्याच्या डोळ्यांसमोर पोरीचा घोटा होता. ठोकळा आपटलेल्या जागी नडगीवर काळपट डाग होता.

"सोड आता," सिद्रामप्पा म्हणाला.

"सोडतो."

"मग सोड की."

त्यानं फळी मागं ओढत नेली, छातीपर्यंत, मग हात वर करून डोक्यापर्यंत. सोडायच्याऐवजी तो फळीबरोबर पुढं धावला, लंगडत, तिला हात तसेच लावून, आणि फळी त्याच्या बोटांतून निसटली तेव्हा तो गुडघ्यांवर पडला.

झोका पुढं गेला. थोडा वळला, अंग तिरकं केलेल्या माणसासारखा, आणि परत सरळ झाला. गिरिजा खाली बसली, महादेवी उठली. महादेवी बसली, गिरिजा उठली. दुसऱ्या खेपेला परकर फुगला. तिसऱ्या खेपेला फांदी वाकून लिंबोळ्या टपटप खाली पडल्या. चौथ्या खेपेला वरून एक आवाज आला, लांबलचक, खणखणीत. बसप्पाला आधी वाटलं पोर किंचाळली. मग कळलं की ती गिरिजा होती, आणि ती हसत होती की रडत होती ते खालून सांगता येत नव्हतं. बायकांनी खालून तसाच आवाज दिला.

बसप्पा उठला. हात तसेच पुढं धरलेले, पडलं तर झेलायला. पण दोघींना कसं झेलणार, आणि कुठं, याचा त्याला अंदाज नव्हता. तो दोन पावलं पुढं गेला, एक मागं. झोका मागच्या टोकाला आभाळात थांबल्यासारखा झाला आणि खाली यायला निघाला, सरळ त्याच्याच रोखानं.

"अप्पा, बाजूला व्हा!" महादेवी वरून ओरडली.

कुठल्या बाजूला, ते त्याला कळेना. मग त्यानं डावा पाय उचलला आणि बाजूला ठेवला; झोका त्याच्या कानाजवळून सणसणत वर गेला.